वाळूला हलालचा शिक्का कशाला?

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांचा वेळ वाचेल. मसाल्याच्या किंवा सूपच्या पाकिटावर मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘अँटीकेकिंग एजंट (आयएनएस ५५१)’ असं जे छापलेलं असतं, म्हणजे गुठळ्या होऊ न देणारा पदार्थ आणि त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, ते म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. वाळूत, गारगोटीत जो पदार्थ असतो तोच. फक्त स्फटिक नसलेला, अगदी बारीक आणि हलका. तो हलाल आहे. त्यात ना जनावर, ना दारू, ना रक्त. इस्लामी कायद्याच्या कोणत्याही मजहबच्या, म्हणजे परंपरेच्या, जाणत्या आलिमाला (धर्मपंडिताला) विचारा, पदार्थ म्हणून त्याला हरकत घेणारा सापडणं कठीण.

पण मग हा प्रश्न पुन्हा पुन्हा का विचारला जातो? आणि विचारणाऱ्याला हसण्यावारी न्यावं का? मसाल्याच्या छोट्या कारखान्यांना मिसळणीचा सल्ला देणं हा माझा व्यवसाय, आणि घर कोकणी मुसलमानांचं. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही दारांतून येतो. कारखानदार विचारतो, ‘मॅडम, ह्याचं हलाल सर्टिफिकेट लागेल का?’ आणि महाडहून खाला पाकिटाचा फोटो पाठवून विचारतात, ‘बेटा, हे चालतं ना आपल्यात?’ खालांचा प्रश्न मला रास्त वाटतो. कारखानदाराच्या प्रश्नाने मात्र अलीकडे अस्वस्थ व्हायला होतं.

आधी हा पदार्थ करतो काय ते पाहू. चाट मसाला घ्या. त्यात आमचूर असतं, काळं मीठ असतं, बऱ्याचदा सायट्रिक ॲसिडही. सगळी मंडळी हवेतलं पाणी ओढणारी. जुलै महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पाकिटं भरण्याचं मशीन सुरू असतं. वरच्या हॉपरमधून पूड खाली येईनाशी होते, आत कमान धरते, आणि एक मुलगा लाकडी हातोडा घेऊन हॉपरच्या पोटावर ठोकत उभा राहतो. एक पाकीट पन्नास ग्रॅमचं, पुढचं बत्तीसचं. वजनमाप खात्याचा माणूस अशा दिवशी आला तर मालकाची धडगत नाही. त्याच पुडीत शंभर किलोला एखादा किलो सिलिका नीट मिसळली की ती मोकळी होते, हातोडा कोपऱ्यात जातो. सिलिकाचे कण मसाल्याच्या कणांवर बसतात, त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत आणि थोडा ओलावा स्वतःकडे घेतात. अमेरिकेत अन्नात ह्याची मर्यादा वजनाच्या दोन टक्के आहे. व्यवहारात त्याहून कमीच लागते. दहा किलोची पिशवी गादीएवढी फुगलेली असते, इतकी ही पूड हलकी. चिमूट बोटांत चोळली तर बोटांचा ओलावा शोषून घेते आणि कातडी खरखरीत कोरडी पडते. चव नाही, वास नाही.

ती बनते दोन रीतींनी. एक, वाळू आणि सोडा भट्टीत वितळवून सोडियम सिलिकेट करायचं आणि त्यात सल्फ्युरिक ॲसिड घालून सिलिका साक्यासारखी खाली बसवायची, धुवायची, वाळवायची. दुसरी, सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजनच्या ज्वाळेत हजार अंशांच्या वर जाळायची. दोन्हींत प्राण्याचा संबंध कुठेच येत नाही. भाताच्या तुसाच्या राखेतही मुख्यत्वे सिलिकाच असते आणि त्या राखेपासूनही ती काढता येते. आपल्या आजीपणजीने तुसाच्या राखुंडीने दात घासले, तेव्हा त्यांनी हा पदार्थ तोंडात घातलाच होता. रोजच्या भातातून, पाण्यातून तो थोडाफार पोटात जातोच.

आता धर्माची बाजू. फिक्हमधलं, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रातलं, मूळ सूत्र असं, की वस्तू मुळात मुबाह, म्हणजे चालणारी असते. मनाई सिद्ध करावी लागते, परवानगी नाही. कुरआनच्या दुसऱ्या सुऱ्यातल्या १७३ व्या आयतीत निषिद्ध गोष्टी नेमक्या सांगितल्या आहेत: मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस, आणि अल्लाहखेरीज दुसऱ्या कुणाच्या नावाने कापलेलं. दारूची मनाई वेगळ्या ठिकाणी येते. माती, दगड, मीठ, खनिज ह्यांतलं काहीही ह्या यादीत नाही. उलट पाणी मिळालं नाही तर वुजूऐवजी, म्हणजे नमाजाआधीच्या हातपाय धुण्याऐवजी, तयम्मुम (पाण्याविना शुद्धी) करा म्हणून सांगितलं, ते कशाने? स्वच्छ मातीने. ज्या जमिनीवर हात टेकवून माणूस नमाजासाठी शुद्ध होतो, त्या जमिनीतल्या सिलिकेला शुद्धतेचा दाखला आणायला सांगायचं, हे मला तरी उफराटं वाटतं.

मातीवर जुन्या फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्रींनी, आक्षेप घेतलाच नाही असंही नाही. औरंगजेबाच्या काळात तयार झालेल्या फतावा आलमगिरी ह्या ग्रंथात माती खाण्याला मकरूह, म्हणजे टाळावं असं, म्हटलं आहे. पण का, तर तिने शरीराला अपाय होतो म्हणून. ती नापाक आहे म्हणून नव्हे. हा फरक नीट धरून ठेवा. खनिजाच्या बाबतीत विचारायचा प्रश्न ‘हे पाक आहे का’ हा नाही, ‘ह्याने इजा होते का’ हा आहे. कुरआनात ‘हलाल’ला जोडून ‘तय्यिब’ येतं, चांगलं, निकोप. आपण पहिल्या शब्दावर भांडतो आणि दुसरा विसरून जातो. त्याकडे नंतर येते.

मग खालांचा प्रश्न रास्त कसा? तर पाकिटावरची ओळ काहीच सांगत नाही म्हणून. ५५१ शेजारी ४७० असू शकतो, ५७२ असू शकतो. ही सगळी गुठळ्या न होऊ देणारी मंडळी. ५७२ म्हणजे मॅग्नेशियम स्टिअरेट. नाव ऐकलं तर हेही खनिजच वाटेल. पण ह्यातलं मॅग्नेशियम तेवढं खनिज. स्टिअरिक ॲसिड पामतेलातून येतं, तसंच गुराच्या किंवा डुकराच्या चरबीतूनही येऊ शकतं. औषधाच्या बऱ्याचशा गोळ्यांत हे असतं, गोळी साच्याला चिकटू नये म्हणून. ३४१ म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. ते फॉस्फेटच्या दगडातून बनवतात, पण ५४२ हे त्याचं भावंड सरळ जनावराच्या हाडांतून येतं. एक आकडा दगडाचा, दुसरा हाडाचा, आणि पाकिटावर दोन्ही सारखेच निर्विकार. ह्यातून वाट काढायची तर सामान्य गिऱ्हाइकाने रसायनशास्त्राची पदवी घ्यावी की काय?

ही पोकळी भरून काढायला अफवा बसलेल्याच असतात. ‘ह्या ई-कोडमध्ये डुकराची चरबी असते’ अशी एक लांबलचक यादी वर्षानुवर्षं मोबाइलवरून फिरते आहे. (ई-कोड म्हणजे ह्याच आकड्यांचं युरोपातलं रूप.) तिची सुरुवात होते ई १०० ने. ई १०० म्हणजे कर्क्युमिन, हळदीचा पिवळा रंग! सांगलीच्या बाजारात पोत्यांनी विकली जाणारी हळद ह्या यादीने डुकराच्या खात्यावर टाकली आहे. गंमत अशी, की त्याच यादीत ५४२ आणि ५७२ ही आहेत, ज्यांच्याबद्दल शंका खरोखरच रास्त आहे. खऱ्या-खोट्याची अशी मिसळ झाली की माणूस एक तर सगळंच टाकून देतो किंवा वैतागून सगळंच खातो.

मिठाचं उदाहरण तर आणखी गमतीदार आहे. पेण-उरणकडच्या मिठागरातलं खडे मीठ पावसाळ्यात पाझरतं. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड पाणी ओढतं. घरोघरी मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकायची पद्धत त्यासाठीच. पाकीटबंद बारीक मिठात हे काम बहुधा ५३६ करतो, म्हणजे पोटॅशियम फेरोसायनाइड. हेही खनिज प्रकारातलंच रसायन. आज ते हायड्रोजन सायनाइड, लोहाचे क्षार आणि चुना ह्यांपासून सुरुवात करून कारखान्यात बनवतात. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपात ते बनवत कशापासून? वाळवलेलं रक्त, शिंगं, खूर आणि कातड्याचे तुकडे पोटॅश आणि लोखंडाबरोबर तापवून. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियन ब्लू हा प्रसिद्ध निळा रंग अपघाताने सापडला, तोही रक्तापासून काढलेल्या तेलाने दूषित झालेल्या पोटॅशमुळे. तेव्हा ते मिठात घालत नसत, रंगासाठी वापरत. पण समजा घातलं असतं, तर ते मीठ हलाल ठरलं असतं का?

इथे फिक्हचा खरा कस लागतो. एखाद्या नापाक वस्तूचं रूप, गुण, सगळं पालटून ती दुसरीच वस्तू झाली तर जुना हुकूम तिला लागू राहतो का? ह्याला इस्तिहाला म्हणतात. हनफी आणि शाफई हे सुन्नींचे दोन मजहब. हनफी ग्रंथांत ह्याचं जे ठरलेलं उदाहरण आहे ते, योगायोगाने, मिठाचंच आहे: गाढव मिठाच्या खाणीत पडलं, मेलं आणि काळाच्या ओघात त्याचंच मीठ झालं, तर ते मीठ पाक की नापाक? इमाम मुहम्मद (प्रेषित नव्हेत, हनफींचे एक जुने धर्मशास्त्री) म्हणाले, पाक. आता ते गाढव राहिलंच नाही, मीठ झालं. इमाम अबू यूसुफ ह्यांना हे पटलं नाही. पुढे हनफींमध्ये फतवा मुहम्मदांच्या मतावर चालला. शाफई मात्र ह्या बाबतीत कडक. दारूचा आपोआप सिरका झाला तर चालेल, कमावलेलं कातडं चालेल, पण गाढवाचं मीठ नाही.

महाराष्ट्रात हा फरक नुसता पुस्तकी नाही. देशावरचे, मराठवाड्यातले, विदर्भातले मुसलमान बहुतांशी हनफी; रायगड-रत्नागिरीचे आम्ही कोकणी, अरबी समुद्रातून आलेल्या व्यापाऱ्यांमुळे, शाफई. कोळंबी-खेकड्यावरून दोघांचं पटत नाही हे लग्नाच्या पंगतीत कळतंच. रक्तापासून बनलेल्या क्षाराबद्दलही पटलं नसतं. औरंगाबादचा हनफी म्हणाला असता, रूप पालटलं, खा. महाडची शाफई खाला म्हणाली असती, मूळ काय ते सांग. आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणूनच कुणीतरी एकाने सगळ्यांच्या वतीने ‘हलाल’ असा शिक्का मारून मोकळं होणं मला पुरेसं वाटत नाही. शिक्का मारणाऱ्याने कोणत्या मताने मारला हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. मूळ लिहिलं, तर ज्याने त्याने आपल्या इमामाच्या मताने ठरवावं.

इंडोनेशियातलं २००० सालचं प्रकरण ह्या बाबतीत बोलकं आहे. अजिनोमोटो ही चवीची पूड जिवाणूंकडून बनवून घेतात. तिथल्या अजिनोमोटो कंपनीने ते जिवाणू वाढवण्याच्या पोषकद्रव्यात डुकराच्या स्वादुपिंडातल्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने तयार झालेला एक पदार्थ वापरला होता. तिथल्या उलेमा परिषदेने डिसेंबरात ते हराम ठरवलं. जानेवारीत कंपनीच्या अधिकाऱ्यांना अटक झाली, माल बाजारातून परत घ्यावा लागला. राष्ट्राध्यक्ष होते अब्दुर्रहमान वाहिद, स्वतः मोठे आलिम. ते म्हणाले, अंतिम पदार्थात डुकराचा अंश नाही, हे हलाल आहे. देशाचा राष्ट्राध्यक्ष आणि देशाची उलेमा परिषद, दोघं धर्माच्याच आधाराने बोलत होते आणि उलट बोलत होते. भांडण पदार्थात काय उरलं ह्यावर नव्हतंच. वाटेत काय वापरलं आणि ते लोकांना का सांगितलं नाही, ह्यावर होतं.

आणि हे दुखणं एकट्या मुसलमानांचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयाचा ९ डिसेंबर २०२१ चा आदेश वाचावा. याचिका कुणाची? राम गौ रक्षा दल नावाच्या संस्थेची. म्हणणं काय? पाकिटावर नुसते कोड असतात, ते पदार्थ वनस्पतीतून आले की प्राण्यातून हे कळत नाही आणि शाकाहारी माणूस फसतो. उदाहरण दिलं होतं डायसोडियम इनोसिनेटचं, म्हणजे ६३१, नूडल्स आणि वेफर्समधला चव वाढवणारा पदार्थ, जो मासळीतून किंवा डुकरातूनही मिळवता येतो. न्यायालयाने सांगितलं, की घटकाचा कोडच नव्हे, तो वनस्पतीजन्य आहे, प्राणिज आहे की प्रयोगशाळेत बनवलेला आहे, हेही जाहीर करा. प्रमाण कितीही कमी असो. गोरक्षा दलाची याचिका आणि महाडच्या खालांचा व्हॉट्सॲप, शब्दन् शब्द एकच प्रश्न! अमेरिकेत २००१ मध्ये तिथल्या हिंदू आणि शाकाहारी मंडळींनी मॅक्डोनल्ड्सवर दावा लावला, कारण फ्रेंच फ्राइजच्या यादीतल्या ‘नैसर्गिक चवी’त गोमांसाचा अर्क निघाला होता. पुढच्या वर्षी कंपनीने एक कोटी डॉलर मोजून तडजोड केली.

ह्या सगळ्यात आपल्याकडच्या एका गोष्टीचं मोल आम्ही मुसलमानांनी पुरेसं ओळखलेलं नाही. ती म्हणजे पाकिटावरचा हिरवा ठिपका. भारतात तो सक्तीचा आहे. कायद्याने मांसाहारी म्हणजे दूध, दुधाचे पदार्थ, मध वगैरे सोडून प्राण्यापासून आलेला कोणताही घटक असलेलं अन्न, अंडंसुद्धा. म्हणजे हिरवा ठिपका खरा असेल तर ५७२ मध्ये चरबी नाही, ५४२ तर असूच शकत नाही. मग हलालच्या दृष्टीने विचारायचं उरतं ते मद्यार्काचं, तेही मुख्यतः अर्क आणि स्वादद्रव्यांच्या बाबतीत. जैन शेजाऱ्यासाठी छापलेल्या ठिपक्याने माझं निम्म्याहून जास्त काम होतं. अडचण एवढीच, की तो ठिपका कंपनी स्वतःच छापते आणि घटक पुरवणाऱ्याने जे सांगितलं त्यावर विसंबून छापते. दिल्लीच्या याचिकेचा रोख त्यावरच होता.

आता कारखानदाराच्या प्रश्नाकडे येते. ‘सर्टिफिकेट लागेल का?’ आखातात, मलेशियात, इंडोनेशियात माल पाठवायचा असेल तर लागेल; गिऱ्हाईक मागतं ते द्यावं, त्यात वावगं काही नाही. पण इथेही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. जगातला सगळ्यांत मोठा मुस्लीम लोकसंख्येचा देश इंडोनेशिया. तिथे २०१४ चा हलाल कायदा आहे आणि ऑक्टोबर २०२४ पासून मोठ्या-मध्यम उद्योगांच्या अन्नपदार्थांना प्रमाणपत्र सक्तीचं झालं. त्याच देशाच्या धर्म मंत्रालयाने २०२१ मध्ये एक यादी काढली: ज्या पदार्थांना हलाल प्रमाणपत्राची गरजच नाही अशांची. खाणीतून निघणारे, मूळचेच निःशंक पदार्थ तिच्यात आहेत. तिथल्या मौलवींना जे कळलं ते आमच्या तळोजा-भिवंडीच्या पुरवठादारांना कळू नये? सिलिकेच्या पिशवीवर मोठ्ठा हलालचा शिक्का मारून ते विकतात, आणि तो पाहून छोट्या मसालेवालीला वाटतं, की शिक्का नसलेली सिलिका हरामच असणार. ज्या प्रश्नाचं उत्तर फुकट होतं, त्याला फी आणि दरवर्षीचं नूतनीकरण लागलं. बचत गटाच्या बाईने हा खर्च कुठून काढायचा? तो शेवटी गोडा मसाल्याच्या भावातच जाणार.

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं चाललं आहे. शंका स्टिअरेटमध्ये, स्वादद्रव्यात, विकरांत. आणि शिक्के वाळूवर.

ह्याचा राजकीय फायदा उठवणारेही तयारच असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने निर्यातीचा माल वगळून हलाल प्रमाणित वस्तूंच्या उत्पादनावर, साठ्यावर आणि विक्रीवर बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये सॉलिसिटर जनरल तुषार मेहता तिथे म्हणाले, की सिमेंट आणि लोखंडी सळ्यांनासुद्धा हलाल प्रमाणपत्र दिलं जातं. आटा-बेसन हलाल किंवा हराम कसं असेल? प्रमाणपत्र देणाऱ्या, जमियत उलेमा-ए-हिंद ह्या मुस्लीम संघटनेच्या न्यासाने सळ्या-सिमेंटचा आरोप साफ नाकारला. पण बेसनाचा सवाल लोकांच्या डोक्यात बसला, आणि खरं सांगायचं तर तो सवाल अगदीच गैरलागू नाही. वाळूवर शिक्का मारणाऱ्यांनीच ही संधी हातात दिली. तरीही बंदीचं समर्थन मी करणार नाही. आपल्या पोटात काय जातं हे जाणून घ्यायची माणसाची इच्छा सरकारने गुन्हा ठरवावी, हा कुठला न्याय? मांसाच्या निर्यातीसाठी केंद्र सरकारनेच २०२३ मध्ये हलाल प्रमाणनाची रीतसर पद्धत घालून दिली. मग परदेशातल्या गिऱ्हाइकाला जो हक्क, तो लखनौच्या गिऱ्हाइकाला का नको? आपल्या महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये झटका मटणासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र सुरू झालं. शिक्क्याला शिक्क्याने उत्तर. मटणाच्या दुकानाबद्दल तिथवर ठीक म्हणू. उद्या मिठाच्या पुडीवर दोन शिक्के आले तर काय करायचं?

आता राहिलं ‘तय्यिब’. २०१९ मध्ये मिठात सायनाइड असल्याची ओरड झाली होती. नावात सायनाइड आहे म्हटल्यावर लोक घाबरणारच. पण फेरोसायनाइडमध्ये तो गट लोहाला इतका घट्ट बांधलेला असतो, की पोटातल्या आम्लाने तो जवळजवळ सुटत नाही. भारतात मिठामध्ये ह्याची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे, कोडेक्स ह्या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाच्या १४ हून कमी. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली रोजची सुरक्षित मर्यादा आहे शरीराच्या वजनाच्या दर किलोला ०.०२५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसासाठी हिशेब केला तर दीड मिलिग्रॅम होते. तेवढं गाठायला त्याला दिवसाला दीडशे ग्रॅम मीठ खावं लागेल. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पाच ग्रॅमच्या आत राहा. म्हणजे ५३६ ची पाळी येण्याच्या कितीतरी आधी मिठानेच त्या माणसाचा रक्तदाब कुठल्या कुठे गेलेला असेल. साप साप म्हणून आपण भुई धोपटतो, आणि पापड-लोणचं-फरसाण समोर ठेवून चर्चा ५३६ ची करतो. ५५१ च्या अतिसूक्ष्म कणांबद्दलही युरोपात बराच काथ्याकूट झाला. तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये पुन्हा तपासून धोक्याचं कारण नाही असा निर्वाळा दिला. ज्या खनिजांबद्दलची शंका फिटली नाही, त्यांच्यावर युरोपने बंधनंही घातली: टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग २०२२ मध्ये युरोपीय संघाने अन्नातून हद्दपार केला. तो शंभर टक्के खनिज होता, जनावराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, आणि त्याच्यावर हलालचा शिक्का मारणं कुणालाही सहज जमलं असतं. शिक्का म्हणजे आरोग्याची हमी नव्हे, हे ह्याहून सोपं करून सांगता येणार नाही.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक आयएनएस आकड्यापुढे एक अक्षर छापा. ख म्हणजे खनिज, व म्हणजे वनस्पती, प्रा म्हणजे प्राणिज, सू म्हणजे सूक्ष्मजीवांपासून. प्रा असेल तर कोणता प्राणी तेही. ५५१-ख. ५७२-व. ६३१-सू. एवढ्याने महाडच्या खालांना कळेल, शेजारच्या शहाबेनला कळेल, गोरक्षा दलाला कळेल, आणि पोटाची ॲलर्जी असलेल्या पण कोणताच देव न मानणाऱ्या माणसालाही कळेल. मौलवींना फतवा द्यायला नेमकी माहिती मिळेल आणि प्रमाणपत्रवाल्यांना जिथे खरंच तपासायला हवं तिथे, म्हणजे कत्तलखान्यात आणि स्वादद्रव्यांच्या कारखान्यात, वेळ देता येईल. पुरवठादाराने खोटं अक्षर छापलं तर त्याला खेचायला अन्नसुरक्षा कायदा आहेच.

हे बोलले की कंपन्यांचे लोक दोन गोष्टी सांगतात. एक, पुरवठादार बदलतो तसा उगम बदलतो, दरवेळी नवं पाकीट कसं छापणार? बॅच नंबर, किंमत आणि तारीख दरवेळी नवी छापताच ना, त्याच मशीनवर एक अक्षर बदलायला काय जड आहे? आणि दुसरी सबब, जागा नाही. परवाच माझ्या टेबलावर पन्नास ग्रॅम चिकन मसाल्याचं पाकीट होतं. त्यावर एका नटीचा हसरा चेहरा होता, वाफाळता हंडा होता, कूपन खरवडून सोन्याचं नाणं जिंकायची जाहिरात होती, आणि ‘आईच्या हातची चव’ ही ओळ चार भाषांत होती.